जिल्हा परिषद शाळेतील विज्ञान-संगणक प्रयोगशाळेसाठी निधी: पहिला प्रस्ताव लिहिणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

शाळेत संगणक कक्ष नाही ही जितकी नेहमीची अडचण आहे, तितकीच कक्ष आहे पण त्याला कुलूप आहे हीदेखील आहे. संगणक, प्रोजेक्टर किंवा रोबोटिक्सचा संच एकदा मिळतो. त्यानंतरचे वीजबिल, इंटरनेटचे शुल्क, इन्व्हर्टरची बॅटरी, तुटलेल्या तारा आणि बदली होऊन गेलेल्या शिक्षकाच्या जागी आलेल्याचे प्रशिक्षण यांसाठी मात्र बहुधा तरतूद केलेली नसते. त्यामुळे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित आणि संगणक या विषयांच्या उपक्रमासाठी निधी मागताना तिसऱ्या वर्षाचा खर्च आधी मांडावा आणि उपकरणांची यादी सर्वांत शेवटी करावी, असा या लेखाचा आग्रह आहे. मुख्याध्यापक, विषयशिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यांपैकी जे प्रथमच असा प्रस्ताव तयार करीत आहेत, त्यांच्यासाठी कामाचा क्रम पुढे दिला आहे.

पहिले पाऊल: गरज ठरवणे

पुरवठादाराने दिलेल्या माहितीपत्रकावरून गरज ठरवू नये. कोणत्या इयत्तेतील किती विद्यार्थी, आठवड्यातून किती तासिका, काय शिकणार आणि ते कोण शिकवणार, या चार प्रश्नांची उत्तरे एका पानावर लिहून काढावीत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावीच्या टप्प्यापासून कोडिंगची ओळख अपेक्षित आहे. त्यामुळे उच्च प्राथमिक वर्ग असलेल्या शाळेला संगणकाची मागणी करताना वेगळे समर्थन शोधावे लागत नाही. चौथीपर्यंतच्या शाळेने मात्र कोडिंगच्या मागे न लागता मापन, साधी यंत्रे, बॅटरी-दिव्याची मंडले, भिंग आणि तराजू यांवर उभा राहणारा उपक्रम मांडावा. तो कमी खर्चाचा असतो आणि शिक्षकांना पहिल्या दिवसापासून चालवता येतो.

दर विद्यार्थ्यामागे एक संगणक असावा, हा हट्टही सोडावा. चाळीस जणांच्या वर्गासाठी दहा संगणक असतील, तर निम्मा वर्ग दोघांत एक याप्रमाणे संगणकावर बसतो आणि उरलेला निम्मा त्याच तासिकेत टेबलावर सेन्सर, मोटार किंवा मोजमापाचे काम करतो. पुढच्या तासिकेला गट बदलतात. मुलांना कोडिंग शिकवणारे स्क्रॅचसारखे मोफत सॉफ्टवेअर इंटरनेटशिवायही चालते, आणि जुन्या संगणकांवर उबुंटूसारखी मुक्त प्रणाली घातली की परवान्याचा खर्च उरत नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमाने 1983 पासून हाताने काम करीत शिकण्याची जी पद्धत रुजवली, ती पाहिल्यास प्रयोगशाळेत हत्यारे आणि कामाचे टेबल यांचे महत्त्व पडद्याइतकेच असते, हे लक्षात येते.

दुसरे पाऊल: कागदपत्रे आणि नोंदी

निधी देणारा कोणीही असो, त्याचा पहिला प्रश्न शाळेच्या अकरा अंकी यू-डायस क्रमांकाचा (केंद्र सरकारच्या शाळा-माहिती प्रणालीतील ओळख क्रमांकाचा) असतो, आणि त्या क्रमांकावर दिसणारी माहिती हीच शाळेची अधिकृत ओळख ठरते. येथे एक गोष्ट फार वेळा नजरेआड होते. दहा वर्षांपूर्वी मिळालेले आणि आता सुरूही न होणारे संगणक यू-डायस प्लसमध्ये चालू स्थितीत दाखवलेले असतील, तर कागदोपत्री शाळा सुसज्ज ठरते आणि मागणीचा आधारच निसटतो. म्हणून प्रस्तावापूर्वी प्रत्यक्ष मोजणी करावी, नादुरुस्त साहित्याचे निर्लेखन (निकामी वस्तू नोंदवहीतून कमी करणे) रीतसर करून घ्यावे आणि पुढील माहिती भरताना नोंद दुरुस्त करावी.

त्यानंतर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 21 नुसार या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. कलम 22 नुसार शाळा विकास आराखडा तयार करणे हे समितीचे काम आहे. प्रयोगशाळेची मागणी या आराखड्यात नोंदवलेली असेल, तर ती केवळ मुख्याध्यापकांची इच्छा न राहता शाळेची अधिकृत मागणी होते. ठरावात खोलीची निश्चिती, चावी कोणाकडे राहील, शाळेच्या वेळेनंतर वापर करावयाचा का आणि दुरुस्तीचा खर्च कोठून करायचा, या बाबी स्पष्ट लिहाव्यात. ‘सर्वानुमते मंजूर’ एवढ्या दोन शब्दांच्या इतिवृत्ताला तपासणी करणारा अधिकारी फारसे महत्त्व देत नाही.

याखेरीज खोलीची मोजमापे व छायाचित्रे, वीजजोडणीचे शेवटचे बिल, इयत्तानिहाय पटसंख्या, समितीच्या बँक खात्याचा तपशील आणि मागील वर्षीच्या अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र (रक्कम ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) एकाच धारिकेत, म्हणजे फाइलमध्ये, लावून ठेवावे. ही धारिका एकदा तयार झाली की पुढील प्रत्येक अर्जाला तीच उपयोगी पडते.

तिसरे पाऊल: निधीचा योग्य स्रोत निवडणे

सरकारी स्रोतांपैकी सर्वांत जवळचा म्हणजे समग्र शिक्षा. 2018 मध्ये सर्व शिक्षा अभियान, राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक शिक्षण या योजना एकत्र करून ती सुरू झाली, आणि महाराष्ट्रात तिचा खर्च केंद्र व राज्य 60:40 या प्रमाणात उचलतात. तिच्यातून मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येवर ठरते: 31 ते 100 पटाच्या शाळेस 25 हजार, 101 ते 250 पटास 50 हजार, 251 ते 1000 पटास 75 हजार रुपये अशी त्याची कमाल मर्यादा आहे, आणि त्यातील किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करावी लागते. या रकमेत प्रयोगशाळा उभी राहत नाही, परंतु चालू राहू शकते. वीजबिल आणि किरकोळ दुरुस्ती यांसाठी ती वापरता येत असल्याने, ‘देखभाल आम्ही या अनुदानातून करू’ असे अन्य देणगीदाराला लिहून देता येते. आकडा लहान असला तरी या वाक्याचे वजन मोठे असते.

समग्र शिक्षेतच संगणक प्रयोगशाळा आणि स्मार्ट वर्ग यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. प्रयोगशाळेसाठी एकरकमी 6 लाख 40 हजार रुपयांपर्यंत आणि पुढील पाच वर्षे दरवर्षी 2 लाख 40 हजार रुपयांपर्यंत आवर्ती, म्हणजे दरवर्षी लागणारा चालू खर्च धरलेला आहे. मात्र यासाठी शाळेने थेट अर्ज करून रक्कम मिळत नाही. जिल्ह्याच्या वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रकात शाळेचे नाव जावे लागते, ते राज्यात महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेमार्फत एकत्र होते आणि केंद्राच्या प्रकल्प मान्यता मंडळाकडे जाते. म्हणजे पुढील आर्थिक वर्षासाठीची मागणी गटशिक्षणाधिकारी कार्यालयात हिवाळ्यातच पोहोचलेली असावी. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर दिलेला अर्ज त्या वर्षापुरता निरुपयोगी ठरतो. निवडक शाळा आदर्श म्हणून विकसित करणाऱ्या पीएम श्री योजनेचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्यांनी ती 2022 मध्ये मंजूर झालेली, देशभरातील 14,500 शाळांपुरती मर्यादित आणि निवड प्रक्रियेवर आधारित योजना आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

दुसरा मोठा स्रोत नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनचा. अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः वस्तू बनवून पाहण्याच्या कार्यशाळेसाठी, शाळेला एकूण 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळत आले आहे: 10 लाख उभारणीसाठी आणि 10 लाख पाच वर्षांपर्यंतच्या चालू खर्चासाठी. उपकरणांइतकाच पैसा चालवण्यासाठी ठेवणारी ही योजना असून इतर प्रस्तावांनी अंदाजपत्रकापुरता तिचाच कित्ता गिरवावा. लाभार्थी वर्ग सहावी ते बारावीचे आहेत, त्यामुळे चौथी-पाचवीपर्यंतच्या शाळांनी येथे वेळ घालवू नये. सपाट प्रदेशातील शाळांना आजवरच्या निकषांनुसार सुमारे 1500 चौरस फुटांची जागा द्यावी लागली आहे, आणि बांधकामाचा खर्च या अनुदानात बसत नाही; ही अट अनेक खेड्यांतील शाळांना जड जाते. देशात दहा हजार लॅब उभ्या राहिल्यानंतर 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी 50 हजार लॅब उभारण्याची घोषणा झाली आहे. अर्ज मिशनच्या संकेतस्थळावर, मागवले जातील त्याच काळात भरावा लागतो, म्हणून जागा, वीज आणि इंटरनेट यांची तयारी आधीच झालेली बरी.

इन्स्पायर-मानक योजनेचा उल्लेख येथे मुद्दाम करावासा वाटतो, जरी तिचा पैसा शाळेला मिळत नाही. केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग निवड झालेल्या विद्यार्थ्याच्या बँक खात्यात 10 हजार रुपये थेट जमा करतो, आणि त्यातून त्याने आपल्या कल्पनेची प्रतिकृती बनवायची असते. शाळेला ऑनलाइन पाच कल्पना पाठवता येतात. खर्च काहीच नाही. पुढे कोणत्याही कंपनीपुढे प्रस्ताव ठेवताना ‘आमच्या शाळेतून गेल्या वर्षी इतक्या कल्पना पाठवल्या, त्यांपैकी इतक्या निवडल्या गेल्या’ असे सांगता आले, तर उपक्रम चालवण्याची शाळेची पात्रता आपोआप सिद्ध होते.

स्थानिक पातळीवर चार दारे आहेत. जिल्हा वार्षिक योजनेतील नावीन्यपूर्ण योजनेखाली जिल्हाभरातील अनेक शाळांचा एकत्रित प्रस्ताव अधिक सहज बसतो, म्हणून तो केंद्रप्रमुखांमार्फत गटाने करावा. आमदार आणि खासदार यांचा स्थानिक विकास निधी, प्रत्येकी वर्षाला 5 कोटी रुपये, टिकाऊ स्वरूपाच्या मालमत्तेसाठी असतो. त्यातून संगणक मिळू शकतात, मानधन किंवा इंटरनेटचे शुल्क मिळत नाही. लोकप्रतिनिधी फक्त शिफारस करतात, मंजुरी आणि खर्च जिल्हा यंत्रणेमार्फत होतो. पत्र मिळाले म्हणजे काम झाले असे समजू नये. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात शाळेची वायरिंग, अर्थिंग, खिडक्यांच्या जाळ्या आणि कामाची टेबले ही कामे घालता येतात. आराखड्यावर चर्चा होणाऱ्या ग्रामसभेला मुख्याध्यापकांनी स्वतः उपस्थित राहावे. आणि चौथे दार जिल्हा परिषदेच्या स्वनिधीचे, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नातील रकमेचे, ज्याला सर्वत्र सेस फंड म्हणतात.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीबाबत, म्हणजेच सीएसआरबाबत, गैरसमज सर्वाधिक असल्याने त्यावर थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपयांहून कमी नाही, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. म्हणजे औद्योगिक वसाहतीतील प्रत्येक कारखान्याला हे बंधन नसते; लहान कारखान्याच्या मालकाला ‘तुमचा सीएसआर द्या’ असे म्हणणे अस्थानी ठरते, त्याच्याकडे साधी देणगी मागावी. बंधन असलेल्या कंपनीने कोणत्या राज्यात, कोणत्या विषयावर किती खर्च केला, हे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर पाहता येते. आधी ते पाहावे. ज्या कंपनीने गेल्या काही वर्षांत केवळ आरोग्यावर खर्च केला आहे, तिच्याकडे प्रयोगशाळेचा प्रस्ताव पाठवण्यात अर्थ नाही. कायद्यातच कंपनीने आपल्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यावे असे म्हटलेले असल्यामुळे, कारखान्यापासून शाळेचे अंतर पत्राच्या पहिल्या परिच्छेदात लिहिणे फायद्याचे असते.

कंपन्या बहुधा शाळेला रोख रक्कम देत नाहीत. त्या स्वतः साहित्य खरेदी करून देतात किंवा एखाद्या संस्थेमार्फत काम करवून घेतात, आणि अशा संस्थेची सीएसआर-1 नमुन्यात नोंदणी एप्रिल 2021 पासून अनिवार्य आहे. शाळा व्यवस्थापन समिती ही नोंदणीकृत न्यास (ट्रस्ट) नसते, म्हणून ‘पैसे आमच्या खात्यात द्या’ असा आग्रह धरण्यापेक्षा त्रिपक्षीय सामंजस्य करार करावा: कंपनी, अंमलबजावणी करणारी संस्था आणि जिल्हा परिषद. करारावर मुख्याध्यापकांनी परस्पर सही करू नये. शिक्षणाधिकाऱ्यांची किंवा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची लेखी मान्यता घ्यावी. साहित्याची मालकी कोणाची, कंपनीचा फलक किती मोठा, विद्यार्थ्यांची छायाचित्रे कोठे वापरली जातील, हे प्रश्न करारातच मिटवलेले असावेत. फलकाच्या आकारावरून उद्घाटनाच्या दिवशी निर्माण होणारे वाद पाहण्यासारखे असतात.

माजी विद्यार्थी आणि ग्रामस्थ यांची लोकवर्गणी हा महाराष्ट्रातील शाळांचा जुना आधार. 2015 नंतर राज्यात डिजिटल झालेल्या अनेक शाळांमागे तोच होता. वस्तू किंवा वेळ देऊ इच्छिणाऱ्यांसाठी 2021 मध्ये सुरू झालेले विद्यांजली पोर्टल आहे, तेथे शाळेने आपली गरज नोंदवून ठेवावी. परदेशातून येणाऱ्या पैशाबाबत मात्र सावध राहावे. परदेशात नोकरी करणारा पण भारतीय नागरिक असलेला माजी विद्यार्थी आपल्या बचतीतून बँकेमार्फत रक्कम पाठवू शकतो; त्याने तेथील नागरिकत्व घेतले असेल, तर तीच रक्कम विदेशी अंशदान ठरते आणि ती स्वीकारण्यासाठी विदेशी अंशदान (नियमन) कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते.

चौथे पाऊल: अंदाजपत्रक

समजा, पाच लाख रुपयांचा प्रस्ताव आहे. सर्व रक्कम संगणक, संच आणि फर्निचर यांवर मांडण्याचा मोह होतो. त्याऐवजी 3 लाख 30 हजार उपकरणे व वायरिंग, 30 हजार शिक्षक प्रशिक्षण आणि 1 लाख 40 हजार तीन वर्षांचा चालू खर्च अशी मांडणी करावी. चालू खर्चाचे ते 1 लाख 40 हजार म्हणजे महिन्याला जेमतेम 3,900 रुपये होतात. इंटरनेट, वीज, संपणारे साहित्य आणि बॅटरी बदलण्यासाठी बाजूला ठेवायची रक्कम यांतच ते संपतात. संपणारे साहित्य म्हणजे सेल, तारा, एलईडी, सोल्डर, छोट्या मोटारी. ते संपले की हजारो रुपयांचा संच निकामी होतो, आणि पंधरा रुपयांच्या दिव्यासाठी कोणीही नवा प्रस्ताव लिहीत नाही. एका निधीतून चालू खर्च मिळत नसेल, तर तो रकाना रिकामा न ठेवता तो कोणत्या दुसऱ्या स्रोतातून भागवणार, हे त्याच तक्त्यात लिहावे.

प्रशिक्षणासाठी किमान दोन शिक्षकांची नावे द्यावीत. एकाचीच नेमणूक दाखवली आणि मे महिन्यात त्याची बदली झाली, तर जूनमध्ये कक्षाला कुलूप लागते.

प्रत्येक उपकरणासमोर त्याचा तांत्रिक तपशील, हमीचा कालावधी आणि तीन दरपत्रके असावीत. कंपनीचे नाव न लिहिता क्षमता लिहावी. विशिष्ट ब्रँडचा आग्रह लेखापरीक्षणात आक्षेपाला कारण होतो.

पाचवे पाऊल: प्रस्तावाचे लेखन

प्रस्ताव चार पानांहून मोठा नसावा. वाचणारा अधिकारी किंवा कंपनीचा प्रतिनिधी एका दिवसात असे अनेक प्रस्ताव पाहतो, आणि त्यांपैकी पुष्कळांची सुरुवात ‘ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांना आधुनिक तंत्रज्ञानाच्या प्रवाहात आणण्याच्या उदात्त हेतूने’ अशी असते. या वाक्यातून शाळेविषयी काहीच कळत नाही. त्याच्या जागी असे लिहिता येईल: ‘आमच्या शाळेत सहावी ते आठवीचे 84 विद्यार्थी आहेत. चालू स्थितीतील संगणक 2 आहेत. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील विद्युत मंडलांचे प्रयोग सध्या फळ्यावर आकृती काढून शिकवले जातात. मागितलेल्या साहित्यातून प्रत्येक तुकडीला आठवड्यातून दोन तासिका प्रत्यक्ष काम करता येईल, आणि वर्षाअखेरीस प्रत्येक गट एक चालणारी वस्तू गावासमोर मांडेल.’ यात एकही विशेषण नाही, तरीही वाचणाऱ्याला वर्ग दिसतो.

अपेक्षित परिणाम मोजता येतील असेच लिहावेत. ‘वैज्ञानिक दृष्टिकोन वाढेल’ हे मोजता येत नाही. कक्ष महिन्यातून किती तास उघडा होता, किती मुलींनी हाताने जोडणी केली, किती प्रकल्प तालुका विज्ञान प्रदर्शनात गेले, हे मोजता येते. मुलींचा आकडा वेगळा ठेवावा. एकत्र गटांत संगणकाचा माउस बहुतेक मुलांच्याच हातात राहतो, आणि मोजणी केल्याशिवाय ते कोणाच्या लक्षात येत नाही.

सहावे पाऊल: सादर करणे आणि पाठपुरावा

सरकारी प्रस्ताव केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी या क्रमानेच जावा आणि प्रत्येक टप्प्यावर आवक क्रमांक व दिनांक असलेली पोच घ्यावी. कंपन्यांचे वर्ष एप्रिलला सुरू होते. वर्षाच्या पहिल्या तिमाहीत कंपन्या आपला सीएसआर आराखडा मंजूर करतात, म्हणून त्यांच्याशी पहिली भेट फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हावी. वर्षाअखेरीस उरलेल्या रकमेतून एखादी लहान मागणी भागते, परंतु तिच्या भरवशावर प्रयोगशाळा आखू नये. नकार आल्यास कारण लेखी विचारावे: निकषात बसत नाही, कागद अपुरे आहेत की निधी संपला, या तिन्हींवरचा उपाय निराळा आहे.

सातवे पाऊल: निधी मिळाल्यानंतर

शासकीय निधीतील खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवरून किंवा लागू असलेल्या शासन निर्णयातील मर्यादेनुसार करावी, आणि मर्यादा चुकवण्यासाठी एकाच खरेदीचे तुकडे पाडू नयेत. साहित्य आल्याच्या दिवशी खोकी उघडून, मालिका क्रमांक तपासून, जडवस्तू संग्रह नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टरमध्ये) नोंद करावी. देणगी म्हणून आलेल्या साहित्याचीही नोंद याच वहीत होते. रोकडवही, देयके आणि हमीपत्रे स्वतंत्र धारिकेत ठेवावीत.

कक्षाच्या दारामागे एक वापर नोंदवही टांगावी: दिनांक, इयत्ता, विषय, तासिका, बिघाड. पाच रकाने पुरेत. शिक्षकांना ती पहिल्या आठवड्यात जाच वाटते, पण कंपनीचा प्रतिनिधी भेटीला आला की तो प्रथम तीच उघडतो, आणि ‘बिघाड’ या रकान्यावरून दुरुस्तीची खरी रक्कम पुढील अंदाजपत्रकात लिहिता येते.

समग्र शिक्षेच्या व्यवस्थेत शाळेला खर्चाची मर्यादा कळवली जाते आणि आर्थिक वर्ष संपताच न वापरलेली मर्यादा परत जाते. त्यामुळे खरेदीची प्रक्रिया डिसेंबरपर्यंत पूर्ण व्हावी, मार्चच्या शेवटच्या आठवड्यासाठी ती ठेवू नये. खर्च पूर्ण झाल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र ठरावीक नमुन्यात, समिती अध्यक्ष व मुख्याध्यापक यांच्या सह्यांनिशी द्यावे आणि त्याची एक प्रत मूळ धारिकेत, यू-डायसच्या दुरुस्त नोंदीशेजारी लावावी. अनेक योजनांत पुढील हप्ता याच कागदावर अवलंबून असतो, आणि तो वेळेत न गेल्यास शाळेचे नाव थकबाकीदारांच्या यादीत जाऊन अन्य लेखाशीर्षातील, म्हणजे खर्चाच्या दुसऱ्या खात्यातील रक्कमही अडते.